पुरात भिजलेल्या फळकुटांची दिवाळी : प्रकल्प नोंदी

१९ सप्टेंबर २०२४, गुरुवार

पुरात भिजून टाकाऊ ठरलेल्या लाकडापासून दिवाळीसाठी दाराचे तोरण, आकाशकंदील आणि पणत्यांच्या पायऱ्या करायचे ठरवले आहे. काम चालू असतानाच त्याच्या नोंदी ठेवत आहे, म्हणजे असेच काही करू पाहणाऱ्याचा आमच्याएवढा वेळ आणि पैसा जाणार नाही. ऑगस्टच्या अखेरीस विश्वामित्री नदीने २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, पाणी ३५ फुटांच्याही वर गेले आणि बडोद्याच्या कितीतरी वस्त्या पाण्याखाली आल्या. समा भागात तळमजल्यावर राहणाऱ्या आमच्या वन्संच्या घरातून जे लाकूडसामान बाहेर काढावे लागले, ते भंगारवाला फुकटही न्यायला तयार नव्हता, कारण त्या आठवड्यात प्रत्येक फाटकासमोर तसलाच ढीग होता. ७ तारखेला गणपती बसायचे असल्यामुळे तेव्हा कोणाला त्याकडे पाहायला सवड नव्हती. अनंत चतुर्दशी आटोपल्यावर टेम्पो करून तो ढीग दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या मागच्या अंगणात आणला. भाडे ६०० रुपये झाले. पूर्ण प्रकल्पातला हाच सर्वांत मोठा एकरकमी खर्च ठरेल असा अंदाज आहे.

आज फक्त निवड केली. टीव्हीचे टेबल आणि चपलांचे कपाट भुसा दाबून केलेल्या बोर्डाचे होते. ते फुगून हातात कुस्करत होते, म्हणून सरळ टाकून दिले. असला बोर्ड किंवा प्लायवूड बंबात वा शेकोटीत जाळू नये, कारण त्यातील चिकटद्रव्याचा धूर विषारी असतो. कामाला येण्याजोगे चार प्रकार हाती लागले: कपाटाच्या खणांच्या सागवानी बाजू (जाडी ८ मि.मी.), मोडक्या खाटेच्या सागवानी फळ्या, आंब्याच्या लाकडाची एक लांब मांडणीची फळी आणि ब्लॉकबोर्डाचे दोन दरवाजे. जुन्या हिरव्या ऑइलपेंटचे एक दारही होते, पण ते बाजूला ठेवले. घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे २०१७ पासून लागू झाली. त्यापूर्वीचा रंग कोरडा घासला तर ती धूळ घरातल्या मुलांच्या पोटात जाते, तेव्हा असले लाकूड फुकट मिळाले तरी सजावटीच्या कामासाठी घेऊ नये.

आराखड्याला एकच अट घातली आहे. सणाची वस्तू वर्षातून पंधरवडाभर भिंतीवर असते आणि उरलेला सगळा काळ माळ्यावर काढते, हे आपण ती करताना विसरतो, आणि मग मागच्या वर्षीचे थर्माकोलचे मंदिर आडवे बसत नाही म्हणून मोडून टाकावे लागते. म्हणून जे काही करायचे ते सुटे होऊन किंवा मिटून ४५ × ३५ × १२ सें.मी.च्या एका खोक्यात मावले पाहिजे. आमच्या माळ्याच्या दारातून तेवढाच खोका आत जातो.

२२ सप्टेंबर, रविवार

पुराच्या पाण्यात गटाराचे पाणी मिसळलेले असते. लाकूड वरून वाळलेले दिसले तरी रेषांमध्ये तो गाळ बसलेला असतो आणि रंधा मारताना त्याचीच धूळ उडते. रबरी हातमोजे घालून, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने आणि नारळाच्या काथ्याच्या ब्रशने सगळ्या फळ्या घासल्या आणि लगेच साध्या पाण्याने धुतल्या. (ब्लीचिंग पावडरमध्ये संडास धुण्याचे आम्ल चुकूनही मिसळू नये.) गंजक्या खिळ्यांशी झटापट असल्यामुळे भाऊजींनी आधी धनुर्वाताची सुई घेऊन ये असे बजावले. ते मकरपुऱ्याच्या कारखान्यात फिटर असल्याने अशा बाबतीत त्यांचे ऐकलेले बरे.

खिळे काढण्यात अख्खा दिवस गेला. पंजाच्या हातोडीने खेचले की गंजलेली डोकी तुटून हाती येत होती आणि दांडा आत राहत होता. आमच्या गल्लीतल्या मिस्त्रींनी सांगितलेली युक्ती अशी, की खिळा आधी ओढू नये, डोक्यावर हातोडीचा एक ठोका देऊन तो किंचित आत घालावा, म्हणजे गंजाची पकड सुटते, आणि मग हातोडीखाली लाकडाचा तुकडा ठेवून सरळ वर काढावा. जे दांडे तरीही राहिले ते दुसऱ्या बाजूने जाड खिळ्याने ठोकून बाहेर काढले. ज्या ठिकाणी खिळा होता तिथे प्रत्येक भोकाभोवती निळसर काळे वलय पडले आहे. लाकडातील टॅनिन आणि लोखंड ओलाव्यात एकत्र आले की हा डाग पडतो. लिंबू चोळून तो थोडा फिका झाला, पण गेला नाही. ऑक्झॅलिक आम्लाने जातो, परंतु ते विषारी असल्याने घरात आणायचे नाही असे ठरवले. डाग राहू द्यावेत, त्यांचा उपयोग पुढे पाहू.

२९ सप्टेंबर, रविवार

आंब्याच्या फळीचा अर्धा भाग लवकर वाळावा म्हणून मी गच्चीवर उन्हात ठेवला होता. त्याची दोन्ही टोके बोटभर चिरली आणि फळी मध्ये खोलगट होऊन वळली. लाकडाच्या टोकांतून पाणी सर्वांत वेगाने बाहेर पडते. मधला भाग ओला आणि टोके कोरडी अशी ओढाताण झाली की लाकूड टोकाला फाटते. तो तुकडा आता लहान कामांपुरताच उरला. उरलेल्या फळ्या जिन्याखाली सावलीत, जिथे वारा वाहतो तिथे रचल्या. दोन फळ्यांच्या मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या आडव्या घातल्या, त्याही एकाखाली एक अशा ओळीत, नाहीतर फळी त्या आधारांवरच वाकते. टोकांना मेणबत्तीचे मेण चोळले आणि वरून दोन विटा ठेवल्या.

लाकूड वाळले की नाही हे हात लावून कळत नाही. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर प्रत्येक तुकडा तोलायचा आणि वजन तारखेसह त्याच तुकड्यावर पेन्सिलीने लिहायचे, हा उपाय फार उपयोगी पडला. आंब्याचा एक तुकडा २२ तारखेला १,८४० ग्रॅम होता, आज १,६१० भरला. खणांच्या सागवानी बाजू मात्र पातळ असल्यामुळे आत्ताच स्थिर झाल्या आहेत. वजन उतरायचे थांबेपर्यंत त्या तुकड्याला खाच पाडायची नाही हा नियम. (हा नियम मी स्वतः कुठे मोडला ते २५ ऑक्टोबरच्या नोंदीत येईल.)

६ ऑक्टोबर, रविवार

ब्लॉकबोर्डाच्या दरवाजांनी अनपेक्षित लाभ दिला. ब्लॉकबोर्डाच्या आत हलक्या लाकडाच्या पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवलेल्या असतात आणि त्यांवर दोन्हीकडून पातळ पापुद्रे दाबलेले असतात. पाण्याने गोंद सुटला की पापुद्रे सोलून निघतात आणि आतून सुमारे २५ मि.मी. रुंदीच्या आयत्या रिपा सुट्या होतात. कंदिलाला लागणाऱ्या रिपा फळ्या उभ्या चिरून काढायच्या तर त्यातच आठवडा गेला असता. अर्थात या पट्ट्या सलग नसतात, मध्येच जोड येतात, आणि काही पट्ट्यांना बोटाएवढ्या गाठी असतात. जोड आणि गाठी टाळून कापल्यावर निम्मे लाकूडच कामाचे उरले. उरलेल्या पट्ट्यांवरचा वाळलेला गोंद रंध्याच्या पात्याची धार घालवतो, म्हणून तो आधी जुन्या पटाशीने खरवडला.

सागवानाला रंधा मारण्यापूर्वी बिघडलेल्या स्पीकरमधले लोहचुंबक प्रत्येक फळीवरून हळूहळू फिरवले. मोडलेले दांडे आत राहिलेले दोन ठिकाणी सापडले. चुंबक नसते तर पात्याला तिथेच दाता पडला असता. सागवान तसेही पाते लवकर बोथट करते, कारण त्यात सिलिका, म्हणजे वाळूचाच घटक, असते. थोडे काम झाले की दगडावर दोन हात मारून पुन्हा धार लावायची याची मनाची तयारी असावी.

नवरात्र चालू आहे. रात्री दीड-दोनपर्यंत गरब्याचे ढोल आणि भोंगे असतात, त्यामुळे हातोडी कितीही वाजवली तरी शेजारची एकही खिडकी उघडत नाही. वर्षातले हेच दिवस रात्रीच्या सुतारकामाला सोयीचे.

१३ ऑक्टोबर, रविवार

तोरण. आंब्याच्या पानांचा आकार १२ सें.मी. लांब आणि मध्ये साडेतीन सें.मी. रुंद असा पुठ्ठ्यावर कापून घेतला आणि खणांच्या सागवानी बाजू ६ मि.मी.पर्यंत रंधून त्यांवर आखला. लाकूड वाचावे म्हणून आधी पाने फळीच्या रेषांना आडवी मांडली. तशी पंधरा बसत होती. तारेच्या करवतीने पहिली तीन कापून झाल्यावर टोके पॉलिश पेपर लावतानाच मोडली, कारण आडव्या रेषांच्या लाकडात टोकाशी धरून ठेवणारे काही उरतच नाही. मग पाने रेषांच्या दिशेने उभी आखली, तेव्हा अकराच निघाली. दार ९० सें.मी. रुंद असल्याने अकरा पाने ८ सें.मी. अंतरावर नीट बसतात. आधीचा हट्ट फुकट होता.

येथे खिळ्यांच्या काळ्या वलयांचा उपयोग झाला. खणाच्या कडेला ओळीने खिळ्यांची भोके होतीच. पानाचा देठ बरोबर त्या भोकावर येईल अशी आखणी केली आणि तेच भोक ३ मि.मी.च्या बिटाने साफ करून दोरी ओवण्यासाठी घेतले. परिणामी अशा प्रत्येक पानाच्या देठाशी जांभळट काळा ठिपका आला आणि त्याच्याभोवतीचा डाग रेषांच्या अंगाने खाली उतरत पानाच्या मध्यशिरेत मिसळला. हाताने रंगवून असे साधले नसते. ज्या दोन पानांना आयते भोक मिळाले नाही ती नवीन पाडताना देठाशी उभी फुटली. त्यावरून धडा असा की आधी भोक पाडावे आणि मग आकार कापावा. सलग फळी भोवती असेपर्यंत लाकूड फुटत नाही. फुटलेली पाने गोंद घालून दोऱ्याने रात्रभर बांधून ठेवली आणि ती जुळली. सागवानात नैसर्गिक तेल असल्यामुळे गोंद धरत नाही, म्हणून चिकटवण्याची जागा ऐनवेळी थिनरच्या बोळ्याने पुसून घ्यावी लागते.

दारावर लावून पाहिले, तर वाऱ्याने पाने चौकटीवर आपटून सारखा टकटक आवाज येऊ लागला. आई म्हणाल्या, "अगं, दारावर कोण आहे ते पाहा तरी," आणि दुसऱ्यांदा उठल्यावर त्यांनी तोरण काढायलाच सांगितले. प्रत्येक पानाच्या पाठीवर जाड लोकरी कापडाचा नखाएवढा तुकडा चिकटवला. आवाज थांबला.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

आकाशकंदील बांबूच्या कामट्यांचा करणे सोपे असते, कारण कामटी वाकते आणि दोऱ्याने बांधता येते. लाकडी रिपांचे तसे नाही. षटकोनी कंदिलाचे तिरपे काप हातकरवतीने सारखे येत नाहीत, हे दोन तुकड्यांतच कळले आणि तो बेत सोडला. त्याऐवजी २० × ३० सें.मी.च्या चार सपाट चौकटी करायच्या, त्या कडांना कापडी पट्टीने जोडायच्या, म्हणजे उभे केले की चौकोनी कंदील आणि मिटले की ४० × ३० सें.मी.ची जेमतेम दोन सें.मी. जाडीची घडी, असा आराखडा ठरला. रिपा १८ मि.मी. रुंद आणि ८ मि.मी. जाड घेतल्या. चार चौकटींना मिळून सुमारे ४ मीटर लागल्या.

चौकटीच्या कोपऱ्यांना अर्धी खाच पाडून रिपा एकमेकींत बसवल्या. एकेक खाच स्वतंत्र मोजून पाडल्यावर पहिली चौकट काटकोनात येईना, तेव्हा मिस्त्रींकडे गेले. त्यांनी माझ्या आठही उभ्या रिपा एकत्र शिकंजात आवळल्या, गुण्या (काटकोनी पट्टी) लावून आठांवर एकच रेघ ओढली आणि करवत एकदाच चालवली. खोली रिपेच्या निम्मी, म्हणजे ४ मि.मी. हवी, म्हणून करवतीच्या पात्यावर तेवढ्या उंचीवर चिकटपट्टी लावली. पट्टी लाकडाला टेकली की थांबायचे. आडव्या रिपांचेही तसेच केले. आता कुठलीही उभी रीप कुठल्याही आडवीत बसते. मजुरी विचारली तर त्यांनी चहावर भागवले, पण शिकंजा परत करताना त्याचा स्क्रू पुसून तेल लावून द्यायचा, असे दोनदा सांगितले.

२० ऑक्टोबर, रविवार

कागद पतंगाचा घेतला, भगवा आणि पांढरा. उत्तरायण (संक्रांतीचा पतंगांचा सण) अजून लांब असल्यामुळे मांडवीजवळच्या एका दुकानदाराने मागच्या हंगामातला साठा काढून दिला. कडा फिकट झाल्या होत्या, त्या कापून टाकल्या. चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ केली. खळीत मोरचूद घातला तर कसर लागत नाही, म्हणून पुस्तक बांधणारे तो घालतात. घरात लहान मूल असल्याने मी घातला नाही आणि पुढे साठवणीत काळजी घ्यायचे ठरवले.

वाळल्यावर कागद मध्ये सैल पडला. पतंगाच्या कागदावर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारला की वाळताना तो आवळतो आणि ढोलकीच्या पुडीसारखा ताणून बसतो. हे केले, कागद सुरेख ताणला गेला, आणि दोन तासांनी पाहते तर एक चौकट पिळून तिचा एक कोपरा टेबलापासून बोटभर वर उचललेला. एवढासा कागद ८ मि.मी.ची रीप वाकवू शकतो हे मला ठाऊक नव्हते. त्या चौकटीत एका बाजूची रीप गाठीजवळची आणि कमजोर आली होती, हेही कारण होते. कागद भिजवून सोलला, ती रीप बदलली, आणि पुन्हा कागद लावल्यावर फवारा मारून चौकट वाळेपर्यंत फरशीवर ठेवली आणि चारही कोपऱ्यांवर पाट्याच्या वरवंट्यापासून खलबत्त्यापर्यंत जे जड मिळाले ते ठेवले. खळ असल्यामुळेच कागद असा भिजवून काढता आला. फेव्हिकॉलने चिकटवला असता तर चौकटच टाकावी लागली असती.

कापडी पट्टी आतल्या बाजूनेच लावावी. बाहेरून लावली तर चौकटी आत वळताना त्यांच्या जाडीच्या कडा एकमेकींवर अडतात. आतून लावल्यामुळे कंदील उभा केला की चारही कोपऱ्यांत बाहेरून पाचरीसारखी फट राहते आणि दिवा लावल्यावर तिथून उजेडाची उभी रेघ दिसते. वन्संनी त्यावर सोनेरी फीत लावायला सुचवले. मला ती रेघ आवडली, म्हणून तशीच ठेवली.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

कंदील उभा तर राहतो, पण चौकोन राहत नाही. वारा आला की तिरका होऊन शंकरपाळ्याच्या आकारात जातो. त्यासाठी वर एक फुली बसवायची होती, जिच्या मध्यातून दिव्याचा होल्डरही लोंबेल. सुटी करता यावी म्हणून फुलीच्या दोन पट्ट्या मध्ये अर्ध्या खाचेने नुसत्या अडकवल्या आणि तिची टोके समोरासमोरच्या चौकटींच्या मध्यावर बसवली. काही उपयोग झाला नाही. भाऊजींनी कागदावर आकृती काढून कारण दाखवले: चौकोन तिरका झाला तरी समोरासमोरच्या बाजूंच्या मध्यबिंदूंमधले अंतर तेवढेच राहते, त्यामुळे मधला सांधा जरा जरी ढिला असला तरी ती फुली काहीच रोखत नाही. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे अंतर मात्र तिरके होताना एका दिशेने वाढते आणि दुसऱ्या दिशेने घटते, म्हणून पट्ट्या कोपऱ्यांतून घालाव्यात. आतले कर्णाचे माप २८.३ सें.मी. येते. पट्ट्या किंचित लांब कापून कानशीने उतरवत नेल्या आणि आत घट्ट बसताच कंदील हलायचा थांबला, मधला सांधा ढिला असूनही. एक पट्टी मी जास्त घासली आणि ती पुन्हा करावी लागली.

दिवा ७ वॅटचा एलईडी. पूर्वी घरोघरी साठ-शंभर वॅटचे दिवे टाकत, त्यांच्या काचेने कागद करपत असे. एलईडीची काच तेवढी तापत नाही, पण त्याचे बूड तापते, म्हणून होल्डर लाकडाला टेकवला नाही, साखळीने चार बोटे खाली सोडला.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

पणत्यांच्या पायऱ्यांसाठी दोन्ही बाजूंना खाटेच्या सागवानी फळ्या आणि त्यांच्या खाचांत सरकवायच्या आंब्याच्या तीन पायऱ्या, पायऱ्यांमागे उभ्या फळ्या, असे साधे काम होते. खिळा कुठेच नाही. खाचा मी दसऱ्याआधीच पाडल्या, आंब्याचे वजन तेव्हा १,५२० वर होते आणि आता कितीसे उतरणार, असा विचार केला. ते १,४७० पर्यंत उतरले. फळी जाडीतही आक्रसली आणि तेव्हा हातोडीने बसवलेल्या पायऱ्या आज हाताने खडखड हलतात. रंध्याच्या ढलप्या खाचेत एका बाजूने चिकटवून फट भरली. तळाच्या पायरीला त्या दोन पदरी लागल्या.

तेलाची चाचणी आधीच घेतली हे चांगले झाले. उघड्या लाकडावर पणती रात्रभर ठेवली तर सकाळी तेलाचे गोल डाग लाकडात पार मुरलेले होते आणि दुसऱ्या एका पणतीची वात कलून मागच्या उभ्या फळीवर करपल्याची रेघ उमटली होती. मागच्या उभ्या फळ्या सगळ्या काढून टाकल्या, म्हणजे ज्योतीच्या पाठीमागे जळण्यासारखे काही राहिले नाही. पणत्यांच्या खाली बरण्यांची पत्र्याची झाकणे उलटी ठेवायची. पणत्या आदल्या दिवशी पाण्यात भिजवून वाळवल्या की तेल कमी पितात आणि पाझरतही कमी. या पायऱ्यांना व्हार्निश लावायचे नाही असेही ठरले, त्यामुळे आधीच आणलेला ३४० रुपयांचा डबा वाया गेला. त्यांना फक्त जवसाचे तेल पुसले. तेलाची फडकी बोळा करून टाकू नयेत, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून वाळवावीत.

तोरणाला मात्र चकाकी हवी होती. गुजरातमधल्या संखेड्याच्या पाळण्यांवर असते तशी लाखेची झळाळी मनात होती, पण ती लाख चरकावर फिरणाऱ्या लाकडावर चढवतात, सपाट पानांवर ते शक्य नाही. बाजारातले तयार फ्रेंच पॉलिश लावले. संध्याकाळी दमट हवेत लावलेल्या पानांवर ढगासारखा पांढरट थर आला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी स्पिरिटचा ओला बोळा हलक्या हाताने फिरवल्यावर तो गेला. लाखेचे पॉलिश दुपारीच करावे.

२९ ऑक्टोबर, मंगळवार, धनत्रयोदशी

सगळे लावून झाले. या वर्षी लक्ष्मीपूजन ३१ला की १ला यावर घरात दोन पंचांगांचे दोन पक्ष पडले आहेत. कंदिलाला दोन्ही चालते. कंदिलाचे वजन दिवा धरून अर्ध्या किलोच्या आत आहे, तरी तो खिळ्याला न टांगता गजाच्या कडीला टांगला. पहाटेच्या दवाने कागद सैल पडतो आणि ऊन चढले की पुन्हा ताणला जातो.

१७ नोव्हेंबर, रविवार

तुळशीचे लग्न झाले, सजावट उतरवली. हिशेब असा: टेम्पो ६००, हातमोजे आणि ब्लीचिंग पावडर १८०, गोंद १६०, पॉलिश पेपर १२०, तारेची करवत आणि पाती २५०, कागद आणि दोरी ९०, दिवा, होल्डर आणि वायर ३१०, फ्रेंच पॉलिश २२०, पणत्या १००, आणि वाया गेलेले व्हार्निश ३४०. एकूण २,३७० रुपये. मंगळ बाजारात तयार तोरण आणि कंदील याहून बराच स्वस्त पडला असता, तेव्हा पैसे वाचवण्यासाठी कोणी हे करू नये. वेळेचे म्हणाल तर प्रत्यक्ष कापाकापीला आणि जोडणीला जेवढा लागला, त्याहून अधिक धुण्यात, खिळे काढण्यात आणि लाकूड वाळण्याची वाट पाहण्यात गेला. पुढच्या वेळी लाकूड गणपतीच्या आधीच रचून ठेवायचे.

कंदिलाची घडी खोक्यात तळाशी बसली. तिच्यावर पायऱ्या, त्यांच्या पाठीवर १, २, ३ असे कोरले आहे, कारण ढलप्यांमुळे आता प्रत्येक पायरी स्वतःच्याच खाचेत बसते. फुलीच्या पट्ट्या दोऱ्याने कंदिलालाच बांधल्या. खळीला कसर लागू नये म्हणून कडुनिंबाची वाळलेली पाने घातली आहेत आणि कागद तरीही पुढच्या वर्षी बदलावा लागेल असे धरून चालले आहे. बाजूच्या दोन फळ्यांची लांबी ४६ सें.मी. भरली, खोक्याहून एकाने जास्त. मागच्या कोपऱ्यातून सेंटिमीटरभर कापल्यावर झाकण लागले.